दुसऱ्याची आठवण: ‘ब्लेड रनर’ आणि ३५ वर्षांनी आलेला त्याचा पुढचा भाग

मागच्या मे महिन्यात भाची सुट्टीत आमच्याकडे नागपूरला धरमपेठेत आली होती. बाहेर ऊन असं की कावळासुद्धा झाडावरून हलत नव्हता. तिने कूलरसमोर लॅपटॉप मांडला आणि ‘ब्लेड रनर २०४९’ लावला. पावणेतीन तासांनी उठून माझ्याकडे आली. म्हणाली, “मामा, दिसायला एकदम भारी आहे. पण झालं काय नक्की? तो के शेवटी कोण निघाला? आणि मेला कशासाठी?”

पहिला भाग बघितलास का, असं विचारलं, तर म्हणे तो १९८२चा आहे, तेवढा जुना कोण बघतो.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेवर चर्चा निघाली की या दोन सिनेमांचं नाव कोणी ना कोणी काढतंच. माणसासारखं बोलणारं ॲप, त्याच्यात जीव गुंतलेली माणसं, खोटे पण हुबेहूब व्हिडिओ, सगळ्याला ‘अगदी ब्लेड रनरसारखं’ म्हणायची पद्धत पडली आहे. ज्यांनी ते बघितलेले नाहीत त्यांना काही कळत नाही, आणि ज्यांनी बघितलेत त्यातल्या बऱ्याच जणांनाही कळलेलं नसतं. म्हणून भाचीला जे समजावलं तेच इथे सविस्तर लिहितो. दोन्ही सिनेमांचा शेवट यात येणार आहे. आधी बघायचे असतील तर इथेच थांबा.

गोष्ट काय आहे?

पहिला सिनेमा रिडली स्कॉटचा, जून १९८२चा. त्याचा आधार म्हणजे फिलिप के. डिक या अमेरिकन लेखकाची १९६८ची कादंबरी. सिनेमा पडद्यावर यायच्या तीन-चार महिने आधीच डिक वारला. कथा घडते लॉस एंजेलिसमध्ये, २०१९ साली. टायरेल नावाची कंपनी माणसासारखे दिसणारे मजूर तयार करते. त्यांना म्हणतात रेप्लिकंट. हा एकच अवघड शब्द लक्षात ठेवा. रेप्लिकंट म्हणजे नटबोल्टचा रोबो नव्हे. त्यांना रक्तमांस आहे, ते जेवतात, रडतात. फक्त ते जन्माला येत नाहीत, कारखान्यात घडवले जातात. दूरच्या ग्रहांवरची हलकी आणि धोक्याची कामं त्यांच्याकडून करून घेतात. नव्या मॉडेलचं आयुष्य मुद्दाम चार वर्षांचं ठेवलेलं असतं.

त्यातले काही जण पळून पृथ्वीवर येतात. त्यांना शोधून मारणारा पोलीस म्हणजे ‘ब्लेड रनर’. मारण्याला तिथे ‘रिटायर करणं’ म्हणतात. नागपुरात रिटायर म्हटलं की शाल, नारळ आणि पेन्शनची फाइल डोळ्यांसमोर येते, म्हणून हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर नाही आलं. हॅरिसन फोर्डने केलेला डेकर्ड हा असाच एक पोलीस.

दुसरा सिनेमा ऑक्टोबर २०१७चा, दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह. कथेतली ३० वर्षं उलटली आहेत. आता ब्लेड रनरच रेप्लिकंट आहे: रायन गॉसलिंगचा के. आपल्यासारख्यांनाच मारायचं काम त्याच्याकडे. एका शेतातल्या वठलेल्या झाडाखाली त्याला पुरलेली पेटी सापडते. आत एका बाईची हाडं असतात. ती बाळंतपणात गेलेली आहे आणि ती रेप्लिकंट होती. ज्यांना मूल होणं शक्यच नाही असं सगळे धरून चालले होते, त्यांच्यातल्या एकीला मूल झालं. ते मूल कुठे आहे, हे शोधायचं आणि त्याला संपवायचं, हा ‘के’ला मिळालेला हुकूम.

दोन परीक्षा: खोटी नोट आणि पीयूसी

दोन्ही सिनेमांमधला फरक एका जागी नेमका पकडता येतो, तो म्हणजे त्यातल्या परीक्षा.

पहिल्या सिनेमात समोरचा माणूस आहे की रेप्लिकंट, हे ठरवायला एक चाचणी आहे. संशयिताला टेबलापाशी बसवायचं, डोळ्याच्या बाहुलीवर यंत्र रोखायचं आणि मन हलवणारे प्रश्न विचारायचे. वाळवंटात एक कासव उलटं पडलंय, उन्हात तडफडतंय, आणि तू त्याला सरळ करत नाहीयेस. का नाही करत? माणसाच्या मनात कणव आली की बाहुली बारीकशी हलते, चेहऱ्यावर रक्त चढतं. रेप्लिकंटचं तसं होत नाही, निदान तसं मानलं जातं. दुकानदार पाचशेची नोट उजेडाकडे धरून बघतो ना, तसाच प्रकार. आत तार दिसली तर खरी.

गंमत अशी की रेप्लिकंट सुधारत जातात तशी ही परीक्षा लंगडी पडत जाते. एरवी वीस-तीस प्रश्नांत निकाल लागतो. टायरेलची सेक्रेटरी रेचल हिच्यासाठी डेकर्डला शंभराहून जास्त प्रश्न लागतात. नोट इतकी हुबेहूब असेल की ती खोटी ठरवायला तासभर लागत असेल, तर बाजारात ती चालणारच की.

दुसऱ्या सिनेमातली परीक्षा वेगळी आहे. के रेप्लिकंट आहे हे सगळ्यांना माहीत आहे, त्यालाही. प्रत्येक कामगिरीनंतर त्याला एका पांढऱ्या खोलीत बसवतात, बोचरे प्रश्न फटाफट विचारतात आणि ठरलेले शब्द परत म्हणायला लावतात. आवाज हलता कामा नये. मला हे बघताना गाडीची पीयूसी आठवते. गाडी कोणत्या कंपनीची, हे तिथे कोणी विचारत नाही. धूर किती सोडते एवढंच बघतात. केच्या आतून भावनेचा धूर येत नाहीये ना, एवढंच त्यांना तपासायचं असतं. पास झाला तर बक्षीस मिळतं, नापास झाला तर ‘रिटायर’.

म्हणजे पहिला सिनेमा विचारतो की समोरचा माणूस आहे का, हे ओळखायचं कसं. दुसरा हा प्रश्न बाजूला ठेवतो. त्याचा प्रश्न असा: आपण माणूस नाही हे पक्कं ठाऊक असताना जगायचं कसं? हा पहिल्यापेक्षा अवघड प्रश्न आहे आणि माझ्या मते चांगलाही. ३५ वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उगाळला असता, तर ते नुसतं जुन्या नावावर तिकिटं विकणं झालं असतं.

उसनी आठवण

आता भाचीच्या प्रश्नाकडे येतो. के कोण निघाला?

त्यासाठी आधी रेचल समजली पाहिजे. रेचल स्वतःला माणूस समजते. तिला लहानपण आठवतं. खिडकीबाहेरच्या झुडपात एक कोळी होता, नारिंगी अंगाचा, हिरव्या पायांचा. तिने त्याला उन्हाळाभर जाळं विणताना बघितलं. एक दिवस त्याचं अंडं फुटलं आणि पिल्लांनी आईलाच खाल्लं. ही आठवण तिने कोणालाही सांगितलेली नाही. डेकर्ड तीच आठवण तिच्या तोंडावर सांगतो, आणि सांगतो की ती तुझी नाही, टायरेलच्या पुतणीची आहे. अनुभव कमी असलेल्या रेप्लिकंटच्या भावना सैरभैर होतात. भूतकाळाची उशी दिली की ते शांत राहतात आणि ताब्यातही राहतात, असा कंपनीचा हिशेब.

केचा प्रवास बरोबर याच्या उलट. त्यालाही एक आठवण आहे: अनाथालयातली दांडगी पोरं मागे लागली आहेत, आणि तो हातातला लाकडी घोडा बंद भट्टीत लपवतोय. पण ही आठवण कंपनीने बसवलेली आहे, हे त्याला माहीत आहे, आणि त्याचं त्याला फारसं काही वाटतही नाही. मग त्या वठलेल्या झाडावर एक तारीख कोरलेली सापडते. तीच तारीख घोड्याच्या पायाखाली आहे. तो अनाथालय शोधून काढतो, भट्टीत हात घालतो, आणि घोडा खरोखर तिथे असतो! आठवणी तयार करणारी अ‍ॅना नावाची मुलगी काचेआड एकटी राहते. ती त्याची आठवण बघते, रडते आणि सांगते की हे कोणीतरी खरंच जगलेलं आहे.

तिथे ‘के’ला वाटतं, ते मूल मीच. मी घडवलेला नाही, जन्मलेला आहे.

आणि मग पुढे कळतं की मूल मुलगी होती, रेचल आणि डेकर्डची, म्हणजे अ‍ॅनाच. ती आठवण अ‍ॅनाची. खरी आठवण कुणाला बसवायची नाही असा तिथला कायदा असताना ती केच्या डोक्यात आली. आठवण खरी होती, घोडा खरा होता, फक्त तो ‘मी’ खोटा होता.

रेचलला आपण माणूस आहोत असं वाटत होतं, आणि नाही हे कळलं. ‘के’ला आपण कोणीच नाही हे माहीत होतं, मध्येच आशा लागली, आणि ती गेली. दुसरं पडणं जास्त लागतं. मुळात जिना चढलाच नसता तर पडला नसता.

याचं मला स्वतःला जे उदाहरण सुचतं, ते घरचं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते, हे बाहेरच्यांसाठी सांगतो. काळी मारबत, पिवळी मारबत, मागे बडगे असे पुतळे, इतवारीत मुंगीला जागा नाही अशी गर्दी, आणि ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असा ओरडा. माझी सगळ्यात जुनी आठवण त्या गर्दीतली. बाबांचं बोट सुटलं. चहूकडे नुसते पाय. एका मिठाईवाल्याने उचलून ओट्यावर बसवलं आणि हातात जिलबी दिली. तिचा पाक कोपरापर्यंत ओघळला होता, तेसुद्धा आठवतं. चाळिशीत एकदा जेवताना हे सांगितलं, तर आई हसायला लागली. म्हणाली, “अरे तो दादा होता. तू तर पोटात होतास.”

घरात ती गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली असणार की मी ती आतून बघायला लागलो. यात जगावेगळं काही नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांची सहकारी जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ मध्ये २४ जणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकाला लहानपणच्या चार घटना दिल्या, तीन घरच्यांकडून मिळवलेल्या खऱ्या आणि एक बनावट: तू लहानपणी मोठ्या बाजारसंकुलात हरवला होतास. सुमारे पाव लोकांना न घडलेली घटना थोडीफार किंवा पूर्ण ‘आठवली’. योगायोग बघा, तिथेही हरवलेलं पोरच.

आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नसते. ती दर वेळी नव्याने शिजवली जाते, आणि शिजवताना घरातलं, शेजारचं, ऐकीव असं काहीबाही त्यात पडतं. मग केची आठवण आणि माझी आठवण यात फरक किती? माझी आईने बसवली, त्याची कंपनीने. आईने विकण्यासाठी बसवली नव्हती, हा मात्र फरक आहे, आणि तो लहान नाही.

“पण घडवलेल्या वस्तूला भावना कुठून येणार?”

हा आक्षेप भाचीने लगेच काढला. ती इंजिनिअरिंगची. तिचं म्हणणं, प्रोग्रॅम रडला म्हणजे त्याला दुःख झालं असं थोडंच आहे?

आजच्या बोलणाऱ्या ॲपबद्दल विचारत असशील, तर तुझी शंका रास्त आहे. ती यंत्रणा अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो हे शिकलेली असते. रेप्लिकंटची गोष्ट निराळी, ते जिवंत शरीर आहे. पण दोन्ही सिनेमे हा वाद उत्तराने मिटवत नाहीत, कृतीवर सोडून देतात. पहिल्याच्या शेवटी रॉय बॅटी नावाचा रेप्लिकंट डेकर्डला, म्हणजे आपल्याला मारायला आलेल्या माणसाला, गच्चीवरून पडता पडता वाचवतो. त्याचीच चार वर्षं संपत आलेली असतात. कोणी सांगितलेलं नाही, फायदा काही नाही. मग पावसात बसून, आपण जे बघितलं ते सगळं आपल्याबरोबर जाणार, एवढं बोलून तो मरतो. ते छोटं भाषण रटगर हाउअर या नटाने स्वतः कापून, शेवटचं वाक्य आपल्या मनाचं घालून म्हटलं होतं. सिनेमातला सगळ्यात माणुसकीचा क्षण माणूस नसलेल्याच्या वाट्याला आलाय.

जॉय आणि इतवारीतली साडी

दुसऱ्या सिनेमात केच्या घरी जॉय आहे. प्रकाशाची बनलेली, कंपनीने विकलेली सोबतीण. केचं नाव म्हणजे एक क्रमांक. ती त्याला लाडाने ‘जो’ हे नाव देते. तू खास आहेस, जन्मलेला आहेस, असं तीच त्याच्या मनात भरवते. पुढे ती नष्ट होते. मग एका पुलावर केसमोर जॉयची इमारतीएवढी जाहिरात येते, आणि ती बाई वाकून त्यालाही ‘जो’च म्हणते.

इतवारीत साडी घ्यायला गेलं की दुकानदार सांगतो, “वहिनी, ही खास तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली होती.” मन खूश होतं. तेवढ्यात शेजारच्या गादीवरच्या बाईलाही तेच वाक्य ऐकू येतं. साडी तीच असते, रंगही चांगलाच असतो, तरी काहीतरी उतरतं. सिनेमातला सगळ्यात क्रूर प्रसंग मला हाच वाटतो. हाणामाऱ्या खूप आहेत, पण त्यांत एवढं लागत नाही.

मग जॉयचं प्रेम खोटंच होतं का? केसाठी जीव धोक्यात घालायची तयारी तिने दाखवली होती, तेही विकलेल्या मालाचाच गुण? सिनेमा सांगत नाही. दोन्ही सिनेमांत बायका बहुतेक वेळा माल म्हणूनच दिसतात, हा आक्षेप मात्र मला पटतो. दिग्दर्शक त्या दुनियेवर टीका करतोय हे खरं, पण टीका करताना कॅमेरा जरा जास्तच वेळ रेंगाळतो.

पाऊस आणि नारिंगी धूळ

पहिला सिनेमा रात्रीचा, पावसाचा, धुराचा आणि निऑन दिव्यांचा. व्हँगेलिसचं संगीत त्या पावसातच भिजलेलं. इमारती छोट्या प्रतिकृती करून, त्यात बारीक दिवे पेरून चित्रित केलेल्या. आज बघतानाही त्या खोट्या वाटत नाहीत, कारण त्या खरोखर तिथे होत्या. दुसऱ्यानेही बऱ्याच ठिकाणी प्रतिकृती वापरल्या.

रंग मात्र बदलला. दुसऱ्यात पाऊस कमी, बर्फ आणि धूळ जास्त. ओस पडलेल्या लास वेगासचा तो नारिंगी भाग आठवा. कॅमेरामन रॉजर डीकिन्सने त्यासाठी २००९च्या सिडनीतल्या धुळीच्या वादळाचे फोटो समोर ठेवले होते. या कामासाठी त्याला ऑस्कर मिळालं, त्याआधी तेरा वेळा नामांकन होऊन हात रिकामाच राहिला होता. मे महिन्यात वावटळ उठली की फुटाळा तलावाकाठी दुपारी चारला जो उजेड पडतो, तो मी पडद्यावर पहिल्यांदा तिथे बघितला. संत्रानगरीतला माणूस म्हणून थोडा पक्षपात होत असेल, होऊ दे.

“२०१९ तर होऊन गेलं. उडत्या गाड्या कुठायत?”

नाहीत. पहिल्या सिनेमातला माणूस २०१९ मध्ये व्हिडिओ कॉल करतो, पण सार्वजनिक फोनच्या खोक्यातून, पैसे देऊन. मोबाइल कोणाच्याच खिशात नाही.

दुसऱ्याने इथे शहाणपणा केला. जुन्या चुका दुरुस्त करत बसला नाही. पहिल्यात पॅन ॲम या विमान कंपनीची झगमगती जाहिरात होती. ती कंपनी १९९१ मध्ये बुडाली, तरी २०४९च्या शहरात तिची पाटी झळकते. सोव्हिएत संघसुद्धा तिथे अजून आहे. म्हणजे हे आपलं भविष्य नाही, १९८२ने पाहिलेल्या स्वप्नाचं भविष्य आहे.

डेकर्ड स्वतः रेप्लिकंट आहे का?

यावर लोक चाळीस वर्षं भांडतायत. स्कॉट म्हणतो, ‘आहे’. फोर्डने ती भूमिका माणूस म्हणून केली. दुसरा सिनेमा चतुराईने गप्प बसतो, आणि मला ते आवडतं.

भांडण पेटायला कारण म्हणजे सिनेमाच एक नाही. १९८२ मध्ये निर्मात्यांना वाटलं, लोकांना कळणार नाही, म्हणून डेकर्डचं निवेदन घातलं आणि गोड शेवट चिकटवला. त्यातली डोंगरदऱ्यांची दृश्यं तर स्टॅनली कुब्रिकच्या एका भयपटातली उरलेली होती. १९९२च्या आवृत्तीत निवेदन आणि तो शेवट काढला आणि एकशिंगी घोड्याचं स्वप्न घातलं. संशय तिथून बळावला: हे स्वप्नही बसवलेलं तर नाही? २००७ची ‘फायनल कट’ स्कॉटच्या पूर्ण मनासारखी. बघायची तर तीच बघा.

“दोन्ही फार संथ आहेत”

हो, आहेत. दोन्ही पहिल्या प्रदर्शनात फारसे चाललेही नाहीत. पहिल्याला लोकांनी पुढे व्हिडिओ कॅसेटवर उचलून धरलं. दुसऱ्यावर किमान १५ कोटी डॉलर खर्च झाले आणि कमाई अपेक्षेपेक्षा बरीच कमी झाली. पहिला दोन तासांच्या आत संपतो. दुसरा अर्धा तास तरी कापायला हवा होता. तो खलनायक वॉलेस बोलायला लागला की मी पाणी प्यायला उठतो.

आधी कोणता? पहिला. कारण दुसऱ्याचा शेवट त्याच्याशिवाय निम्माच पोहोचतो. के जखमी आहे. त्याला दिलेला हुकूम आहे डेकर्डला मारायचा, कारण वॉलेसने डेकर्डला पकडलंय, आणि त्याच्याकडून वॉलेसला बंडखोरांचा माग लागेल. तो हुकूम देणारे त्याच्याच बाजूचे बंडखोर आहेत. के ऐकत नाही. तो डेकर्डला अ‍ॅनाच्या दारात, मुलीपाशी, नेऊन सोडतो आणि बाहेर पायऱ्यांवर बर्फात आडवा होतो. मागे हलकेच वाजतं ते रॉय बॅटीच्या पावसातलं संगीत. जी भेट आपली आहे असं त्याला वाटलं होतं, ती तो दुसऱ्याला देतो. भाची, तो मेला तो यासाठी.

तिने मग पहिलाही बघितला, कूलरसमोरच. मी त्या रात्री दादाला फोन लावला. तो पुण्यात असतो. मारबत, सुटलेलं बोट, मिठाईवाला, जिलबीचा पाक, सगळं सांगितलं आणि म्हटलं, तुझं आहे हे, माझ्याकडे राहून गेलं होतं.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मला तर यातलं काहीच आठवत नाही बे. जिलबी होती?”